आईची स्मरणिका: वर्षश्राद्धापर्यंतच्या कामाच्या नोंदी

काम: तासगावात पन्नास वर्षं संसार केलेल्या आमच्या आईची ६४ पानी स्मरणिका. प्रती १२०. करणारे आम्ही तीन भावंडं, नोकरी-घर सांभाळून. असंच काम कुणी हाती घेणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून चुका आणि खर्चासह या नोंदी ठेवल्या आहेत.

१८ नोव्हेंबर २०२३

आधी शेवटची तारीख पक्की केली. आई गेली १३ फेब्रुवारी २०२३ ला, माघ वद्य अष्टमीला. मधे अधिक श्रावण आल्यामुळे वर्षश्राद्धाची तिथी १९ दिवस पुढं, ३ मार्च २०२४ ला येते. मुंबईचे नातेवाईक १३ फेब्रुवारी धरून चालले होते, त्यांना आजच कळवलं. रजा आणि तिकिटं यावर अवलंबून असतात, म्हणून पंचांग पहिल्याच दिवशी बघावं.

अंदाज: ८० पानं, १२ हजार रुपये, दोन महिने. तिन्ही चुकले.

२२ नोव्हेंबर

कपाट, ट्रंक आणि देवघराखालचा कप्पा उपसून कागद काढले. घर, वीज, पाणीपट्टी, रेशनकार्ड, शेताचा उतारा, सगळं वडिलांच्या नावावर. आईच्या नावाचे कागद पाच: शाळा सोडल्याचा दाखला, पोस्टाचं पासबुक, मतदार ओळखपत्र, आधार आणि दवाखान्याची फाइल. त्यातला दाखला माहेरच्या नावाचा, बाकीचे सासरच्या. लग्नात नाव बदललेलं असल्यामुळं दोन्हींवरून माणूस एकच आहे हे कागदावरून कळतच नाही. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर दोन्ही नावं घ्यायची, असं ठरलं.

दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५२. त्या काळी शाळेत घालताना गुरुजी सर्रास १ जून लावायचे, त्यामुळं ती खरी धरायची नाही. मामांकडं पत्रिका आहे, ती मागवली.

२६ नोव्हेंबर

चौदा जणांना निरोप पाठवला: “आईबद्दल एक पान लिहून द्या.” ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. आठवड्याभरात नऊ जणांचं लिखाण आलं. ‘प्रेमळ’, ‘सोशिक’, ‘कष्टाळू’, ‘अन्नपूर्णा’, ‘हसतमुख’. नऊ पानांत ‘प्रेमळ’ बावीस वेळा मोजला. नाव झाकलं तर ती पानं कुणाच्याही आईची म्हणून चालली असती. लिहिणाऱ्यांची माया खरी आहे, पण कोरा कागद पुढं आला की माणूस श्रद्धांजलीच्या भाषेत शिरतो.

त्यामुळं लिहून मागणं थांबवलं. बोलतं करून ध्वनिमुद्रण करायचं आणि नंतर ते उतरवायचं.

३ डिसेंबर

पहिलं ध्वनिमुद्रण, मोठ्या काकू. “आई कशी होती?” असं विचारलं की पुन्हा ‘फार प्रेमळ’. म्हणून प्रश्न बदलले:

पाणी किती वाजता यायचं, कोण भरायचं? सकाळी स्टो कोण पेटवायचं, रॉकेलला रांग कोण लावायचं? गॅस कधी आला? तिची पहिली भाकरी कुणाच्या ताटात जायची, शेवटची कुणाच्या? वाकळ (गोधडी) कधी शिवायची, दोरा कुठून आणायची? रागावली की काय करायची?

मग काकू बोलायला लागल्या. जसं बोलल्या तसंच उतरवलं:

“नळ रातीच्या दोनला यायचा. आमी सगळी झोपल्याली. ती उठायची, पर घागर खाली टेकवताना आवाज करायची न्हाई, खाली पोत्याचा तुकडा घालायची. सकाळी उठून बघावं तर पिंप भरल्यालं.”

‘सोशिक’ हा शब्द छापायची गरज उरली नाही. पोत्याचा तुकडा पुरेसा आहे.

तंत्राचं: फोन विमान मोडवर टाकावा, नाहीतर मधेच फोन येऊन मुद्रण तुटतं. पंखा बंद. स्वयंपाकघरात बसलो होतो, कुकरच्या शिट्टीत तीन वाक्यं गेली. दुसऱ्या दिवशी पदराला लावायचा मायक आणला, ८५० रुपये. बैठक पाऊण तासाच्या पुढं नेऊ नये, म्हातारी माणसं दमतात आणि दमली की पुन्हा ‘फार चांगली होती’ वर येतात. हातात एखादी वस्तू द्यावी. पाटा, अडकित्ता, जुना फोटो, काहीही. वस्तू हातात आली की बोलणं आपोआप नेमकं होतं.

१० डिसेंबर

फोटो. एकूण १४३. पहिले ४६ स्टुडिओत स्कॅनला दिले, फोटोमागं १० रुपये. घरी आणून संगणकावर मोठे केले तर सगळे १५० डीपीआयचे (इंचाला १५० ठिपके) आणि दाबलेले. छपाईला ३०० लागतात आणि लहान फोटो मोठा छापायचा असेल तर त्याहून जास्त. ४६० रुपये फुकट. देताना आकडा लिहून द्यायला हवा होता.

शेवटी जुना सपाट स्कॅनर ३,२०० रुपयांना घेतला. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६००, पासपोर्ट आकाराला १२०० डीपीआय. टिफ फाइल ठेवायची, जेपीजी नंतर बनवायची. काच प्रत्येक दहा फोटोंनंतर मऊ कापडानं पुसायची. फोटो कडेनं धरायचा. फाइलच्या नावात आकडा आणि तोच आकडा फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं. बॉलपेन नको, पुढं उमटतं.

नातेवाईकांकडून व्हॉट्सॲपवर आलेले फोटो छापायच्या कामाचे नसतात, पाठवताना ते लहान होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितलं. तीन जणांना फोनवर एकेक पायरी समजावली, तेव्हा जमलं.

१७ डिसेंबर

मामांचं घर सांगलीत, गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले तेव्हा खालच्या मजल्यावरचं कपाट पाण्यात होतं. आईच्या लहानपणचे आणि लग्नाचे फोटो त्यातच. चार वर्षं ते गठ्ठे तसेच वाळून एकमेकांना चिकटलेले.

पहिला गठ्ठा रंगीत फोटोंचा होता. तो थेट पाण्यात टाकला आणि वीस मिनिटांनी कडेनं उचलून बघितला. वरच्या फोटोचा रंगाचा थर सुटून दुसऱ्याच्या पाठीला लागला. चार फोटो कायमचे गेले. त्यातल्या एकात आई माहेरपणाला आलेली होती, एवढंच मामींना आठवतं.

दुसऱ्या गठ्ठ्याला, जो कृष्णधवल होता, पद्धत बदलली:

पाण्याला लावण्याआधी जेवढं दिसतंय तेवढं स्कॅन केलं. कडेला एक थेंब टाकून थर विरघळतो का ते पाहिलं. पाणी स्वच्छ आणि गार, माठातलं. कोमट पाण्यानं फोटोवरचं जिलेटिन मऊ पडतं आणि चित्र सरकतं. अर्धा तास ठेवून, ओढायचं नाही, पाण्यातच हळू हलवत राहायचं. आपोआप सुटेल तेवढंच घ्यायचं, न सुटणाऱ्याला आणखी वीस मिनिटं. सुटलेला फोटो दुसऱ्या स्वच्छ पाण्यातून काढायचा, कारण पुराच्या गाळाचे कण राहिले तर ओरखडे पडतात. चित्राची बाजू वर करून सावलीत, टिपकागदावर वाळवायचा. पहिले दोन वर्तमानपत्रावर ठेवले, त्यांच्या पाठीला शाई लागली.

अकरा कृष्णधवल फोटोंपैकी सात पूर्ण मिळाले, दोन अर्धे. काचेला चिकटलेला लग्नाचा मोठा फोटो सोडवायचा प्रयत्नच केला नाही. चौकट काढून काचेसकट स्कॅन केला, चांगला आला.

टिपकागद, बटर पेपर, सुती हातमोजे: ३१० रुपये.

२४ डिसेंबर

एका ॲपनं लग्नाचा फोटो रंगीत करून पाहिला. नाक सरळ केलं, नथीचा अर्धा आकडा गायब, कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण पुसलं. चेहरा नितळ झाला आणि आई राहिली नाही. मामींनी बघून विचारलं, “ही कोण?” तो टाकून दिला. दुरुस्ती फक्त धूळ, ओरखडे आणि उजेड यांचीच, चेहऱ्यावर काहीही नाही, असा नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला.

३१ डिसेंबर

फोटोंना वर्षं लावायचं काम. कुणालाच साल आठवत नाही, पण मोठ्या घटना सगळ्यांना आठवतात. म्हणून एक पट्टी करून भिंतीवर लावली: कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटे), बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी (जून १९७५ ते मार्च १९७७), इंदिराजी गेल्या (३१ ऑक्टोबर १९८४), किल्लारी (३० सप्टेंबर १९९३), २००५ चा पूर, २०१९ चा पूर. मग विचारायचं: हे त्याच्या आधीचं की नंतरचं? मूल कडेवर होतं की चालत होतं?

थोरल्या बहिणीच्या जन्माबद्दल घरातल्या दोघींनी वेगळी सालं सांगितली होती. पण काकू म्हणाल्या, “तवा मिलोच्या भाकरी होत्या, बाळंतिणीसाठी शाळू कुठून तरी आणला हुता.” रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) मिळत होती ती दुष्काळातच. १९७३ पक्कं झालं आणि जन्मनोंदीशी जुळलं.

फोटोच्या कागदावरूनही अंदाज येतो. चौकोनी प्रिंट बहुतेक क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याचे. तांबूस पडलेले रंगीत फोटो सत्तर-ऐंशीच्या दशकातले. मागचा स्टुडिओचा शिक्का स्कॅन करायला विसरलो होतो, सगळे पुन्हा उलटे करून स्कॅन केले. पाच तास त्यात गेले. एका फोटोत मागं रथाचा दोर आणि गर्दी दिसते, म्हणजे तो तासगावच्या गणपतीच्या रथाचा, ऋषिपंचमीचा दिवस. साल नाही मिळालं. ‘रथाच्या दिवशी’ एवढंच छापलं.

७ जानेवारी २०२४

लग्नपत्रिका सापडली: माघ, शके १८९३. शकात ७८ मिळवून आम्ही १९७१ लिहिलं आणि त्यावर चार मथळे बेतले. चूक. शक गुढीपाडव्याला बदलतो, इंग्रजी वर्ष १ जानेवारीला. त्यामुळं पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, पण जानेवारी ते पाडव्याआधी ७९. माघातलं लग्न म्हणजे १९७२. जन्मपत्रिकेत आश्विन वद्य, शके १८७४, तिथं ७८ बरोबर: ऑक्टोबर १९५२. म्हणजे शाळेतली १ जून खोटी होती, चार महिन्यांनी थोरली केलेली. लग्नात आई एकोणीस वर्षांची होती. सगळे मथळे पुन्हा तपासले, दोन संध्याकाळी गेल्या.

१४ जानेवारी

हिशेबाच्या वह्या. १९७४ पासूनच्या अकरा, पुठ्ठ्याच्या लाल बांधणीच्या. मधल्या तीन नाहीत. आईचं अक्षर गोल आणि बारीक, ओळीच्या किंचित वर. रोजचा खर्च एका ओळीत: दळण, सोडा, गोडेतेल, पाटीची पेन्सिल, भाजी. महिनाअखेरीला बेरीज आणि खाली दोन रेघा. जिथं बेरीज जुळली नाही तिथं ती लपवलेली नाही, “१ रु. ४० पै. लागत नाही” असं लिहिलंय.

आद्याक्षरं उलगडायला वेळ लागला. ‘दू.’ दूध, ‘र.का.’ रेशनकार्डावरचं, ‘भि.’ भिशी. ‘बा.ठे.’ मात्र कुणालाच सांगता येईना. दर महिन्याच्या शेवटी, बेरजेच्या खाली, रेघेच्या बाहेर. सप्टेंबर १९७७ पासून १०, दोन वर्षांनी १५. एका महिन्यातही चुकलेलं नाही.

२१ जानेवारी

‘बा.ठे.’ सुटलं. १९७८ च्या एका पानावर पूर्ण लिहिलेलं आहे: “बाजूला ठेवले १०.”

मग सगळं जोडून पाहिलं. सप्टेंबर १९७७ ते ऑगस्ट १९७९, २४ महिने दहाप्रमाणे २४०. पुढं जुलै १९८१ पर्यंत २३ महिने पंधराप्रमाणे ३४५. एकूण ५८५. आणि जुलै १९८१ च्या शेवटच्या पानावर: “शिलाई मशीन ६२०. बा.ठे. ५८५, दिवाळीची ओवाळणी ३५.” खाली दोन रेघा. बेरीज जुळलेली.

ध्वनिमुद्रणात आत्या आणि शेजारच्या काकू, दोघींनी सांगितलं होतं की मशीन वडिलांनी घेऊन दिलं. आम्हालाही तेच माहीत होतं, आणि आईनं ते कधी खोडून काढलं नाही. पुस्तकात तसंच गेलं असतं. त्या मशीनवर तिनं पुढं पंचवीस वर्षं गल्लीतल्या बायकांची पोलकी, ब्लाऊज आणि पिको-फॉल केले. ते पैसे वहीत ‘जमा’ या रकान्यात आहेत आणि त्याच पानांवर तिन्ही मुलांच्या फिया आहेत.

दोघींना पान दाखवलं. आत्या बराच वेळ त्या ५८५ वर बोट ठेवून बसल्या होत्या. त्यांच्या संमतीनं त्यांचं वाक्य काढलं आणि त्या जागी वहीचं पान पूर्ण आकारात छापायचं ठरवलं.

या नोंदीतून घेण्यासारखं: घरच्या बाईबद्दल घरातली माणसं जे सांगतात ते तिच्या स्वतःच्या अक्षराशी ताडून बघा. रद्दीत वह्या द्यायच्या आधी एकदा तरी.

२५ जानेवारी

दुसरं मोठं घबाड भिंतीवरच होतं. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला एकावर एक टांगलेली १९८८ पासूनची कालनिर्णय. दुधाच्या खुणा, गॅसची टाकी लावली ती तारीख, पाहुणे, श्रावणातले उपास, कुणाचं किती उसनं.

वडिलांना जून २००३ मध्ये अर्धांगवायू झाला. त्यानंतरची पानं वेगळी आहेत. प्रत्येक चौकटीत तीन वेळा औषधाच्या टिकल्या, आणि सप्टेंबरपासून कोपऱ्यात एक आकडा. ४. ४. ६. ०. ५. ७. आम्हाला ते गोळ्यांचे वाटले. ऑक्टोबरच्या पानावर ११ आहे, पुढच्या आठवड्यात १४, आणि एका चौकटीत आकड्याऐवजी शब्द: ‘दार’. ती वडिलांची पावलं होती. पलंगापासून. नोव्हेंबरच्या पानावर ‘ओटा’, डिसेंबरात ‘तुळस’. वडील २००९ मध्ये गेले. तोपर्यंतच्या साडेसहा वर्षांतल्या एकाही दिवसाची औषधाची टिकली सुटलेली नाही, ज्या दिवशी आई स्वतः तापानं आजारी होती तो दिवसही धरून (तिथं तिनं फक्त ‘मी ताप’ एवढंच लिहिलंय).

‘पतिसेवा’ असं शीर्षक एका नातेवाईकानं सुचवलं होतं. ते घेतलं नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २००३ ची चार पानं ओळीनं छापली, खाली फक्त महिन्याचं नाव.

तंत्र: कालनिर्णय स्कॅनरच्या काचेपेक्षा मोठं. दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडलं तर जोड दिसला. म्हणून खिडकीजवळ, उन्हाची तिरीप पडणार नाही अशा जागी टेबलावर ठेवून, कॅमेरा बरोबर वर धरून फोटो काढला, फ्लॅशशिवाय. कागद पातळ असल्यामुळं मागची छपाई उमटत होती. पानाखाली काळा पुठ्ठा ठेवला आणि ती जवळजवळ गेली. हीच युक्ती वह्यांच्या पानांनाही चालली.

१ फेब्रुवारी

उतरवणीचा हिशेब. १७ माणसं, एकूण नऊ तास मुद्रण. फोनच्या मराठी बोलून-टंकनाला काकूंची बोली झेपली नाही. ‘आल्ती’, ‘गेल्ती’, ‘हुता’ याचं काहीतरी भलतंच होत होतं. सगळं हातानं उतरवलं, तासाला पाच तास, म्हणजे ४५ तास. तिघांत वाटलं तरी महिना गेला. भाषा शुद्ध करायची का यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. शेवटी बोली तशीच ठेवली. काकूंनी वाचून घेतलं आणि त्यांना आवडलं. “ही मीच बोलल्यावानी हाय,” म्हणाल्या.

६ फेब्रुवारी

पाककृतींची चार पानं. वहीत माप असं: “गहू ५ चिपटी, ३ दिवस. चीक. पाणी बेताने. मीठ हिंग.” कुरडया.

चिपटं म्हणजे पाव शेर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण ही भरून मोजायची मापं, वजन धान्याप्रमाणं बदलतं. आईचं पितळी चिपटं घरात आहे. त्यात गहू भरून, वर हात फिरवून सपाट केला आणि तोलला: २४० ग्रॅम. म्हणजे १ किलो २०० ग्रॅम गहू. हा आकडा आमच्या चिपट्याचा, तुमच्या घरचं माप तोलूनच घ्या.

पहिला प्रयत्न फसला. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून चीक गाळला. तीन तासांनी वरची निवळ ओतून दिली आणि चिकाएवढंच पाणी उकळून शिजवला. सोऱ्यातून पडताना तार बसली, कुरडई चपटी झाली, वाळल्यावर तुकडे पडले. मावशींना फोन केला. चीक रात्रभर निवळू द्यायचा, म्हणजे तो खाली दगडासारखा घट्ट बसतो. तीन तासांत पाणी त्याच्यातच राहतं, मग आपण घातलेलं पाणी दुप्पट होतं. ‘पाणी बेताने’ याचा अर्थ तो. दुसऱ्या वेळी रात्रभर ठेवून निवळ काढली, भांड्याला भांडं पाणी, मीठ-हिंग घालून उकळी आल्यावर चीक एका धारेत ओतला, ढवळणं न थांबवता. पारदर्शक आणि चकचकीत झाला की शिजला, मग झाकण ठेवून दणदणीत वाफ. कच्चा राहिला तर कुरडई पांढरट दिसते आणि तडकते. या वेळी जमल्या. वहीतला मजकूर आईच्या शब्दांत, खाली आमची टीप वेगळ्या अक्षरात. तिच्या ओळीत आमचं काही घुसडलं नाही.

गहू वगैरे १२० रुपये. चार दिवस दोनदा.

११ फेब्रुवारी

वाकळीचा फोटो. १९९५ च्या सुमाराची. मधे वडिलांचं धोतर, भोवती आईच्या स्वतःच्या इचलकरंजी साड्यांचे पट्टे, कोपऱ्यांत मुलांच्या शाळेच्या गणवेशाची खाकी आणि निळी. टाके बोटाच्या पेरात पाच ते सहा, कडेकडून आत येत गेलेले, शेवटी मधोमध गाठ. पूर्ण वाकळ वरून घेतली तर टाके दिसेनात, सपाट रंगीत कापड वाटलं. संध्याकाळी पाचच्या तिरप्या उन्हात एकाच कोपऱ्याचा जवळून घेतला, मग प्रत्येक टाक्याची सावली पडली. पूर्ण वाकळीचा वगळला, कोपरा छापला.

१४ फेब्रुवारी

सांगलीच्या छापखान्यात पहिलं प्रूफ. आम्ही युनिकोडमध्ये टंकलेलं, त्यांनी त्यांच्या जुन्या फाँटमध्ये फिरवलं. ‘पुऱ्या’चं ‘पुर्या’, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘ॲ’ सगळीकडून गायब, ‘ऑक्टोबर’चा चंद्र उडालेला. दोनशेच्या वर चुका. हातानं सुधारायला घेतलं, पण एक सुधारली की दुसरी राहते. तिसऱ्या पानावर थांबलो.

घरीच लिब्रेऑफिसमध्ये पानं लावली आणि थेट पीडीएफ दिली, फाँट आत घालून. मजकुराला आयआयटी मुंबईचा शोभिका, मथळ्यांना ‘मुक्त’ नावाचा फाँट, दोन्ही फुकट मिळतात. अक्षर १३ पॉइंट, कारण वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे. आतला समास १८ मिमी, कमी ठेवला तर घडीत अक्षरं जातात. चार दिवस गेले, पण जोडाक्षरं शाबूत राहिली.

१८ फेब्रुवारी

८० पानांची ६४ केली. मधल्या पिनेच्या बांधणीत पानं चारच्या पटीत लागतात आणि फार जाड झाली की पुस्तक मिटत नाही, आतली पानं बाहेर येतात. गेलेली सोळा पानं बहुतेक ‘प्रेमळ’वाली. ज्यांची वगळली त्या प्रत्येकाला फोन केला आणि पानाऐवजी एक आठवण विचारून मथळ्यात घेतली. हे फोन टाळू नयेत.

रंगीत आठ पानं आम्ही पुस्तकभर विखुरली होती. पिनेच्या बांधणीत आर्ट पेपरच्या दोन घड्या बरोबर मधेच बसतात, म्हणजे पान २९ ते ३६. सगळं हलवून वही, कालनिर्णय, वाकळ आणि लग्नाचा फोटो मधे आणले.

२० फेब्रुवारी

दर ठरले. १२० प्रतींना ऑफसेटच्या प्लेटा परवडत नाहीत, म्हणून डिजिटल. प्रतीमागं: साधी ५६ पानं ५६ रुपये (८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम, पिवळसर कागद, पांढऱ्याफटकवर म्हाताऱ्या डोळ्यांना त्रास होतो), रंगीत आठ पानं ५६, मुखपृष्ठ ३०० जीएसएम मॅट लॅमिनेशनसह २२, बांधणी ८. एकूण १४२.

२४ फेब्रुवारी

तिसरं आणि शेवटचं प्रूफ. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवायचं. डोळ्यांनी तीनदा वाचून सुटलेल्या सतरा चुका अशा सापडल्या. मावशींच्या गावाचं नाव चुकलेलं होतं. नावं, नाती आणि तारखा यांची वेगळी यादी करून ती त्या त्या माणसाला फोनवर वाचून दाखवावी.

३ मार्च

वर्षश्राद्ध. प्रती आदल्या संध्याकाळी मिळाल्या. ७८ वाटल्या, पुढच्या आठवड्यात २८ कुरिअरनं जातील, १४ घरी राहतील. जेवणानंतर बायका मधलं पान उघडून बसल्या. कालनिर्णयावरचे आकडे काय ते कुणी विचारायच्या आधीच मोठ्या काकूंनी सांगायला सुरुवात केली होती.

१० मार्च

एकूण खर्च:

वाया गेलेले स्कॅन ४६०
स्कॅनर ३,२००
मायक ८५०
फोटो सोडवण्याचं साहित्य ३१०
कुरडया १२०
प्रूफ प्रिंट, तीन फेऱ्या ३८४
छपाई १७,०४०
कुरिअर १,२६०
तासगाव–सांगली खेपा १,४००
एकूण २५,०२४ रुपये

मूळ वह्या आणि कालनिर्णय प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले नाहीत, दमट हवेत कागदाला बुरशी धरते. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून लोखंडी ट्रंकेत आडव्या ठेवल्या. गंजलेल्या टाचण्या काढल्या. स्कॅन फाइली तिघांकडं एकेक प्रत.

मधल्या तीन वह्यांपैकी एक, १९८३ ची, काल शेजारच्या काकूंनी आणून दिली. आईनं त्यांना हिशेब कसा लिहायचा हे दाखवायला दिली होती, तशीच राहिली होती. ती स्कॅन करायची आहे. शिलाई मशीन थोरल्या बहिणीकडं आहे. पट्टा वाळून चिरला होता, नवा घातला आणि तेल दिलं. चालतं.